चाळीसगावचा टांगा आणि अंधवेणी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लहानशा इंग्रजी लेखनातील एक प्रकरण आपल्या खानदेशातील आहे. त्यांच्या हयातीत हे लेखन हस्तलिखितातच राहिले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते पुस्तिकेच्या रूपाने छापले. पुढे १९९३ साली महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या समग्र वाङ्मयाच्या बाराव्या खंडात त्याचा समावेश झाला. म्हणजे १९२९ सालच्या चाळीसगावच्या घटनेचे स्वतः बाबासाहेबांनी केलेले कथन सर्वसामान्य वाचकाच्या हाती पडावयास सुमारे साठ वर्षे लागली. तत्पूर्वी ही घटना आपल्याला ठाऊक नव्हती असे नव्हे. चरित्रांतून, भाषणांतून आणि जयंतीच्या व्यासपीठांवरून ती सांगितली जात होती, आजही सांगितली जाते. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे : बाबासाहेबांनी काय लिहिले, आणि आपण त्यातील काय सांगतो.

प्रथम मूळ कथन पाहू. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने एक समिती नेमली होती. अध्यक्षांच्या नावावरून ती स्टार्ट समिती म्हणून ओळखली जाते. समितीचे एक सदस्य या नात्याने बाबासाहेबांकडे आणि त्यांच्या एका सहकाऱ्याकडे खानदेशचे दोन्ही जिल्हे आले. काम आटोपून मुंबईस परतताना बाबासाहेब चाळीसगावी उतरले. कारण धुळे मार्गावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार पुकारला होता आणि त्याची माहिती त्यांना घ्यावयाची होती. चाळीसगावच्या महार मंडळींनी रात्री मुक्कामाचा आग्रह केला, तो त्यांनी मानला. गावाची पाहणी करून ते पुढच्या गाडीने चाळीसगावी परतले. स्टेशनवर हार घालून स्वागत झाले. महारवाडा तेथून सुमारे दोन मैल होता. स्टेशनबाहेर भाड्याचे टांगे पुष्कळ होते. तरीही तासभर कोणी हलेना, आणि आपल्याला का थांबविले आहे याचा बाबासाहेबांना उलगडा होईना.

अखेर एक टांगा आला. त्यात बाबासाहेब आणि हाकणारा, असे दोघेच बसले. बाकीचे लोक जवळच्या वाटेने पायी निघाले. दोनशे पावले जातात न जातात तोच समोरून आलेल्या मोटारीशी टक्कर व्हायची वेळ आली. पोलिसाच्या आरोळीने मोटारवाल्याने गाडी मागे घेतली म्हणून निभावले. पुढे नदीवरच्या फरशी पुलाकडे रस्ता काटकोनात वळतो. पुलाला कठडा नव्हता, अंतराअंतरावर नुसते दगड उभे केलेले होते. घोडा बिथरला, चाक पहिल्याच दगडावर आदळले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासह टांगा नदीत कोसळला. बेशुद्धावस्थेत लोकांनी त्यांना महारवाड्यात उचलून नेले. पाय मोडला होता. त्यांना बरेच दिवस अंथरुणात काढावे लागले.

या कथनाच्या रचनेकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. विलंब का झाला, हाकणारा असा नवखा कसा, याचे उत्तर बाबासाहेब घटना संपेपर्यंत देत नाहीत. त्या दिवशी त्यांना जेवढे दिसत होते तेवढेच वाचकाला दिसते. त्यामुळे तो तास वाचकालाही अज्ञानातच काढावा लागतो. नंतर चौकशी होते आणि कारण पुढे येते. पाली वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही रीत परिचित आहे. आधी घडले ते जसेच्या तसे ठेवायचे, मग ‘हे कशामुळे’ असे विचारायचे. हेतू सापडेपर्यंत थांबायचे नाही.

कारण असे होते. अस्पृश्य उतारूला घेऊन टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. आपल्या पुढाऱ्याने पायी चालत महारवाड्यात यावे हे महार मंडळींना सहन होईना. तेव्हा तोड निघाली : टांगा भाड्याने मिळेल, मालक हाकणार नाही, हाकणारा तुमचा तुम्ही आणा.

या तोडीतील व्यवहार नीट पाहिला पाहिजे. मालकाने टांगा दिला, घोडा दिला, भाडे घेतले. त्याच्या गादीवर एक अस्पृश्य बसला आणि लगाम दुसऱ्या अस्पृश्याच्या हाती गेला. विटाळच मानावयाचा तर टांगाही विटाळला आणि घोडाही. पण तो प्रश्न कोणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गादीवर कोणी सवर्ण उतारू बसणार होता आणि त्यास काही कळणार नव्हते. राखायची होती ती शुद्धता नव्हे. याच्यापुढे बसून मी घोडा हाकणार नाही, एवढाच तो हट्ट होता. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या घेतलेला बॅरिस्टर, विधिमंडळाचा सभासद मागे बसलेला असला तरी पुढे बसणारा आपणास त्याच्याहून वरचा मानू शकतो. यासाठी त्याला शिक्षण, पैसा, अधिकार यांपैकी काहीही लागत नाही. प्रकरणाच्या शेवटी बाबासाहेब नेमके हेच नोंदवितात.

याच पुस्तिकेच्या पहिल्या प्रकरणात १९०१ सालचा प्रवास आहे. मसूर स्टेशनवर उतरलेल्या मुलांना वडिलांच्या गावी, कोरेगावला जावयाचे होते. मुले महारांची आहेत असे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. १९०१ ची बैलगाडी आणि १९२९ चा टांगा यांमध्ये अठ्ठावीस वर्षे आहेत. नऊ वर्षांचा मुलगा त्या काळात बाबासाहेब आंबेडकर झाला. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर होऊन सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या कागदोपत्री खुल्या झाल्या. तोड मात्र तीच राहिली. पुस्तिकेतील दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हे ध्यानात येत नाही. सुटा चाळीसगावचा प्रसंग सांगणाऱ्यांना ते दिसत नाही.

आता त्या तासाकडे वळू. स्टेशनवर किती माणसे असतील? टांगेवाले होते, हमाल असतील, गाडीची वाट पाहणारे उतारू असतील, रेल्वेचे नोकर असतील. नकार मिळाला तो उघड्यावर, दिवसाच्या व्यवहारात. तो कोणाच्याही लक्षात आला नाही असे म्हणता येईल काय? कोणी काही बोलल्याचा मात्र मागमूस नाही. सबंध प्रकरणात परक्या माणसाची मदतीची आरोळी एकच आहे, ती त्या पोलिसाची. आणि ती मोटारीसाठी आहे. रस्त्यावरची टक्कर सरकारच्या डोळ्यांना दिसली. ज्या कारणाने एका नवख्या माणसाच्या हाती लगाम आला ते कारण त्या डोळ्यांच्या कक्षेत नव्हते.

तेविज्ज सुत्तात आणि चंकी सुत्तात तथागतांनी अंधवेणीचा दृष्टान्त दिला आहे. आंधळ्यांची रांग आहे, एकाने दुसऱ्यास धरलेले आहे. पुढच्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही, मागच्यालाही दिसत नाही. उदानातील हत्ती आणि आंधळे यांची गोष्ट आपल्याकडे अधिक लोकप्रिय आहे, कारण ती सोयीची आहे. तीत प्रत्येकाला सत्याचा थोडा तरी तुकडा मिळतो, आणि ‘सगळेच थोडे थोडे बरोबर’ असे म्हणून मोकळे होता येते. अंधवेणीत अशी सवड नाही. चंकी सुत्तात प्रश्न परंपरेचा आहे : ब्राह्मणांपैकी, त्यांच्या आचार्यांपैकी, सात पिढ्यांच्या आचार्यांपैकी, किंबहुना मंत्रकर्त्या प्राचीन ऋषींपैकी तरी कोणी ‘हे मी जाणतो, हे मी पाहतो’ असे म्हटले काय? कोणीही नाही. तरी रांग चालू आहे. या दृष्टान्तात आम्हास महत्त्वाचे वाटते ते ‘परंपरासंसत्त’ हे पद. एकमेकांस धरून असणे हीच त्या रांगेची ताकद. ज्याच्या हातात शेजाऱ्याचा हात आहे त्याला आपण आंधळे आहोत अशी शंका येण्याचे कारण उरत नाही. चाळीसगावच्या एखाद्या टांगेवाल्याच्या मनात त्या दिवशी बसावे असे आले असेल, तरी उद्या स्टेशनवर इतर टांगेवाल्यांपुढे त्याला उभे राहावयाचे होते. वैयक्तिक दुष्टपणाने जेवढे अन्याय होतात त्याहून अधिक असे, शेजाऱ्याकडे पाहून होतात.

येथवर आपल्या व्यासपीठांवरचे कथन आणि मूळ कथन साधारणपणे बरोबरीने चालतात. यापुढे त्यांची वाट निराळी होते.

टांगेवाल्यांविषयी लिहिण्याआधीच, त्याच परिच्छेदात, बाबासाहेब चाळीसगावच्या महारांविषयी लिहितात, आणि ते फार स्पष्ट आहे. उतारूच्या मानापेक्षा त्याचा जीव महत्त्वाचा, हे आपले लोक विसरले. टांगा सुखरूप नेईल असा हाकणारा मिळतो की नाही याचा त्यांनी विचार केला नाही. आपली प्रतिष्ठा राखण्यासाठी त्यांनी आपला जीव धोक्यात घातला, असा त्याचा आशय आहे. त्यांच्यापैकी कोणालाच टांगा हाकता येत नव्हता, तो त्यांचा धंदाच नव्हता. ज्याने लगाम धरला त्याला आधी ते सोपे वाटले, मग जबाबदारीची जाणीव होऊन तो इतका घाबरला की त्याने घोडा आवरण्याचा प्रयत्नच सोडला.

आम्ही पालीच्या वर्गात सुत्तांसोबत हे प्रकरणही वाचावयास देतो आणि मग पुस्तक मिटून घटना लिहावयास सांगतो. टांगेवाल्याचा नकार सर्वांच्या उत्तरात असतो. फरशी पूल असतो, मोडलेला पाय असतो. समझोत्याचा उल्लेख काहींच्या उत्तरात असतो. ‘आपल्या लोकांनी बाबासाहेबांचा जीव धोक्यात घातला’ हे वाक्य जवळजवळ कोणीच लिहीत नाही. विचारले असता उत्तर मिळते, ‘सर, ते लिहावेसे वाटले नाही.’ विद्यार्थ्यांस दोष देण्याचे कारण नाही. आम्ही स्वतः या प्रसंगावर व्याख्याने दिली आहेत, आणि टाळ्या पडतात त्या ठिकाणी, म्हणजे टांगेवाला आणि बॅरिस्टर यांच्या तुलनेपाशी, ती संपविली आहेत.

तथागतांनी चार अगती सांगितल्या : छंद, दोष, मोह आणि भय. माणूस योग्य मार्ग सोडतो तो या चारांपैकी कशाने तरी. यांत दोष म्हणजे द्वेष. तो ओळखणे सोपे, कारण तो बहुधा दुसऱ्याच्या ठिकाणी दिसतो. छंदागती ओळखणे कठीण. छंद म्हणजे आपलेपणा, आवड, पक्षपात. चाळीसगावच्या मंडळींनी बाबासाहेबांना तासभर खरे कारण सांगितले नाही, ते का? कथनात याचे उत्तर नाही. पण ज्याने आपल्या घरी आलेल्या पूज्य माणसाचा अपमान झाकण्याची धडपड केली आहे त्याला ते शोधावे लागणार नाही. हा अपमान त्यांच्या कानावर जाऊ नये! वास्तविक अशाच अपमानांची नोंद करण्यासाठी सरकारने त्यांना खानदेशात पाठविले होते. त्याच दिवशी ते एका गावचा बहिष्कार पाहून आले होते. सांगितले असते तर ते पायी चालत गेले असते. महारवाडा चालत जाण्याजोगा होता असे ते स्वतः लिहितात. ज्यांना सत्य सांगायला हवे होते त्यांच्यापासूनच ते प्रेमाने लपविले गेले, आणि त्याची किंमत त्यांच्या शरीराने दिली.

दोन्ही बाजूंना एकाच मापाने मोजावे असा आमचा आशय नाही. नकार नसता तर तोडही निघाली नसती. स्टार्ट समितीच्या १९३० च्या अहवालात बहिष्काराचे जे स्वरूप नोंदविले आहे, नेहमीच्या वाटा बंद करणे, वाण्याने जिन्नस विकू नये अशी व्यवस्था करणे, तेही चांगले कपडे घातले किंवा नवरदेव घोड्यावरून मिरवला एवढ्याशा निमित्ताने, ते वाचले की त्या मंडळींच्या मनात ‘मान’ हा शब्द एवढा मोठा का झाला ते कळते. पण बाबासाहेबांनी हे सर्व जाणत असूनही तो परिच्छेद लिहिला. परदेशी वाचकाला अस्पृश्यता कळावी म्हणून हे लेखन होते. तेथे स्वजनांची चूक वगळणे सहज शक्य होते. ती वगळली नाही, हीच त्या पानाची साक्ष म्हणून किंमत आहे. वगळण्याचे काम आपण केले.

या संदर्भात दीघनिकायातील अंबट्ठ सुत्त पुन्हा वाचण्यासारखे आहे. तरुण अंबट्ठ शाक्यांना हीन म्हणून हिणवितो. भगवान त्याला त्याच्या कण्हायन गोत्राचे मूळ विचारतात. ते मूळ ओक्काक राजाच्या दासीपर्यंत जाते, आणि ते त्याला आपल्या वृद्ध आचार्यांकडून ऐकून माहीत आहे. तत्पूर्वी सोबतचे माणवक गलका करतात : अंबट्ठ कुलीन आहे, बहुश्रुत आहे, त्याला दासीपुत्र म्हणू नका. प्रश्न येतो तेव्हा अंबट्ठ गप्प राहतो. दुसऱ्यांदा विचारल्यावरही गप्प. तिसऱ्या वेळी, वज्रपाणी यक्ष दिसल्यावर, तो कबूल करतो. कबुली येताच तेच मित्र उलटतात आणि त्याला दासीपुत्र म्हणून ओरडू लागतात. क्षणापूर्वी झाकणारे आणि क्षणानंतर हिणविणारे लोक तेच! तेव्हा त्याला सोडविण्यासाठी भगवान पुढे होतात आणि तो कण्ह पुढे थोर ऋषी झाला हे सांगतात. अप्रिय सत्य वदवून घेणे आणि ते वदणाऱ्याला जमावाच्या तोंडी न देणे, ही दोन्ही कामे एकाच पुरुषाने एकाच बैठकीत केली.

आणि हे सुत्त शिकविताना आम्ही स्वतः काय गाळत आलो तेही येथे सांगितले पाहिजे. याच सुत्तात पुढे क्षत्रियांचे श्रेष्ठत्व सांगणारा भाग आहे. वादी ज्या मापाने बोलतो त्याच मापाने त्याला उत्तर दिले आहे असे त्याचे समर्थन करता येते, आणि आम्हास ते बव्हंशी पटतेही. परंतु समर्थन करणे वेगळे आणि तो भाग वर्गात वाचायचाच नाही हे वेगळे. बरीच वर्षे आम्ही दुसरा मार्ग पत्करला होता. वासेट्ठ सुत्त आणि वसल सुत्त हाताशी असताना हा त्रास कशाला, असे वाटे.

खानदेश आजही काही फार वेगळा नाही. जून २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यात वाकडी येथे विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजातील मुलांना मारहाण झाली, त्यांना नग्न करून फिरविले गेले, आणि त्याचे चित्रीकरण झाले. मारणारा हात दिसतो, त्याचप्रमाणे चित्रीकरण करणारा हातही तेथे होता हे आपण विसरतो. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार केले. अफवा कोणी पाहिली नव्हती, प्रत्येकाने ती दुसऱ्याकडून घेतली होती. अंधवेणीला याहून जवळचे उदाहरण आम्हास सुचत नाही.

या दोन घटनांचा निषेध आपल्या संघटनांनी केला नाही असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. निषेधाचे पत्रक निघाल्यावर ते आपल्या विहारांतून किती दिवस टिकले? मातंग मुलांचा अपमान हा ‘आपला’ आहे की ‘त्यांचा’, ही विभागणी मनातल्या मनात किती जणांनी केली? भिक्षेसाठी गावोगाव फिरणाऱ्या डवरी गोसाव्यांची नावे आपल्या स्मृतिदिनांच्या यादीत आली काय? श्रेणीबद्ध विषमता हा शब्द आपण बाबासाहेबांकडून घेतला आणि तो वरच्या पायऱ्यांकडे बोट दाखविण्यासाठीच वापरला. टांगेवाल्याचा धंदा हलका, तरी त्याने आपल्याखाली एक पायरी शोधली. ती सवय टांगेवाल्यांपाशीच थांबली, असे चाळीसगावचे प्रकरण वाचून कोणास वाटत असेल तर त्याने ते पुन्हा वाचावे.

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर ३१ जुलैला दरवर्षी लोक जमतात. १९३७ साली बाबासाहेब वकिलीच्या कामासाठी धुळ्यास आले त्याची ती आठवण. उत्साह असतो, तो असावयासही हवा. तेथील भाषणांत चाळीसगावचा टांगाही येतो. ज्या गावचा बहिष्कार पाहण्यासाठी बाबासाहेब त्या दिवशी गेले होते त्या गावचे नाव त्यांनी दिलेले नाही, आणि ते गाव कोणते असेल हा प्रश्न आम्ही कोणत्याही भाषणात ऐकलेला नाही. तसाच तो लगाम धरणारा माणूस. त्याचेही नाव नाही. एका बाजूने टांगेवाल्यांचा नकार, दुसऱ्या बाजूने आपल्या लोकांचा आग्रह, आणि मध्ये तो. तुला घोडा हाकता येतो काय, एवढे त्याला कोणी विचारले असेल असे प्रकरण वाचून वाटत नाही.

यंदाच्या वर्षावासात आमच्या वर्गात हे प्रकरण दोनदा वाचले जाईल : एकदा मसूरच्या प्रकरणासह, आणि एकदा चंकी सुत्तासह. शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचण्याचे काम या वेळी आम्ही स्वतःकडे घेतले आहे.